घरी बांधलेला ट्रेलर: पहिल्या रेघेपासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंतच्या नोंदी

३ ऑक्टोबर

कागदावरचं काम आज संपवलं. हौद्याच्या मापाला फार विचार लागला नाही. प्लायचा पूर्ण तक्ता २४४० बाय १२२० मिलिमीटरचा असतो, तो न कापता बसेल एवढी चौकट. एकच ॲक्सल, ब्रेक नाहीत, आणि मालासकट एकूण वजन ७५० किलोच्या आत. बिनब्रेकच्या ट्रेलरला किती वजन चालतं, नोंदणी कशी होते, दिवे किती उंचीवर हवेत हे सगळं ट्रेलर जिथे चालवायचा तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयात आधी विचारून घ्यावं. चौकट जोडून झाल्यावर विचारलं तर बदल कापूनच करावा लागतो.

मुख्य चौकटीला ८० बाय ४० ची, ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी पाइप घेतोय. मीटरला सव्वापाच किलोच्या आसपास वजन. पाइप उभी ठेवायची, आडवी नाही. हाच सेक्शन उभा ठेवला तर आडव्यापेक्षा वाकायला तिप्पट ताठ राहतो, आणि त्यासाठी एक ग्रॅमही जास्त लोखंड लागत नाही. सगळं जोडून रिकामा ट्रेलर २७० किलोच्या घरात जाईल, म्हणजे मालाला ४८० उरतात. चौकट उगाच जाड केली तर तेवढा माल कमी होतो, म्हणून "असू दे थोडं भक्कम" हा विचार मी बाजूला ठेवला.

सगळ्यात जास्त वेळ ॲक्सलच्या जागेने खाल्ला. हौद्याच्या बरोबर मध्यावर ॲक्सल ठेवला तर थोडा माल मागे सरकला तरी कपलर (ट्रेलर गाडीला अडकवायचा पुढचा भाग) वर उचलला जातो, आणि मागे जड झालेला ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झुलायला लागतो. असं झुलणं वाढत गेलं की ट्रेलर गाडीलाही सोबत ओढतो. म्हणून पुढे, गाडीच्या ज्या गोळ्यावर कपलर बसतो त्या बॉलवर थोडं वजन आलंच पाहिजे. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, पण गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या आत. माझ्या गाडीला ती ८० किलो आहे. कपलरपासून हौद्याचा मध्य २४२० मिलिमीटरवर येतो. ॲक्सल मध्याच्या २०० मिलिमीटर मागे घेतला, तर हौद्यात सारख्या पसरलेल्या वजनाचा साधारण साडेसात टक्के भाग पुढे येतो. दांडा (हौद्यापासून कपलरपर्यंतचा भाग), कपलर आणि टेकूचं चाक (ट्रेलर सुटा असताना पुढचं टोक ज्यावर टेकतं ते) यांचं वजन जवळजवळ सगळं पुढेच पडतं, ते धरलं की हिशोब दहाला जातो. २०० मिलिमीटर नक्की.

आणि रंग. रंगाचा विचार मी याच कागदावर करतोय, कारण लोखंड कुठे सडणार हे ब्रश हातात घेण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. ज्या जोडात पाणी शिरतं आणि ब्रश शिरत नाही, ती जागा कितीही महाग रंग आणला तरी जाणार. नकाशावरच्या प्रत्येक जोडाशी थांबून पाहिलं: इथे पाणी आलं तर बाहेर कुठून जाईल? दोन ठिकाणी उत्तर मिळेना. एक, कठड्याचा पत्रा चौकटीवर चढतो तिथली फट. दुसरं, दांड्याच्या पाइपा चौकटीखाली जातात तिथला कोपरा. पहिल्या ठिकाणी पत्रा चौकटीपासून १० मिलिमीटर वर घेतला, म्हणजे मधून ब्रशही जाईल आणि पाणीही. दुसरी जागा वेल्डने चहूबाजूंनी बंद करायची.

११ ऑक्टोबर

कापणी. पाइपांवर कारखान्यातून आलेलं तेल असतं, ते आधी पुसून काढलं. खूण नीट दिसते आणि नंतर वेल्ड स्वच्छ पडतो. पुसायला ब्रेक क्लीनर घेणाऱ्यांनी डबा वाचून घ्यावा. त्यात क्लोरीनयुक्त द्रावक असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेत आणि प्रकाशात त्यातून फॉस्जीन तयार होतो, आणि तो विषारी वायू आहे. वेल्डिंगच्या कामाजवळ तो डबा ठेवूच नये.

कापलेल्या प्रत्येक तुकड्याची धार कानशीने लगेच मोडली. हाताला लागू नये म्हणून तर आहेच, पण मुख्य कारण रंगाचं आहे. ते पुढे येईल.

१२ ऑक्टोबर

चौकट घोड्यांवर, म्हणजे कामाच्या उंच तिवयांवर, मांडली. घोडे आधी लेव्हल पट्टीने एका पातळीत आणले, कारण पिळलेल्या घोड्यांवर जोडलेली चौकट पिळलेलीच राहते. कोपऱ्यांना गुण्या लावून टाके, म्हणजे छोटे तात्पुरते वेल्ड, मारले. पण गुण्यावर एका मर्यादेपलीकडे माझा भरवसा नाही. एवढ्याशा गुण्यातला केसभर फरक अडीच मीटरवर बोटभर होतो. खरी परीक्षा कर्णांची. दोन्ही कर्ण सारखे आले तरच काटकोन. या मापाला कर्ण २७२८ यायला हवा.

टेपचं दुसरं टोक धाकट्या भावाने धरलं होतं.

"दादा, इकडून एकतीस येतंय."

"दुसरा बघ."

"पंचवीस."

लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना पट्टा बांधून तो आवळत गेलो, दोन्ही कर्ण अठ्ठावीसवर आल्यावर आडव्या पाइपा टाकल्या आणि त्यांनाही टाके मारले. टाका पक्का पण लहान ठेवावा, म्हणजे तोडायची वेळ आली तर ग्राइंडरने सहज तुटतो.

१९ ऑक्टोबर

पूर्ण वेल्ड. ३ मिलिमीटरच्या पाइपेला ६०१३ प्रकारची २.५ मिलिमीटरची वेल्डिंग रॉड, ७५ अँपिअरच्या आसपास. पाट्यांच्या, म्हणजे चौकट आणि ॲक्सल यांच्यामधल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, ब्रॅकेटची प्लेट ६ मिलिमीटरची आहे, तिला ३.१५ ची रॉड आणि ११० च्या पुढे.

वेल्ड थंड होताना आकसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो. एका बाजूने सरळ पूर्ण करत गेलो तर चौकट केळ्यासारखी वळते. म्हणून एक कोपरा, मग समोरचा तिरपा कोपरा, मग खालची बाजू, मध्ये थंड होऊ देत देत. संध्याकाळी कर्णांत दोन मिलिमीटरचा फरक राहिला. हौद्याला तो चालतो.

एक नियम मात्र काटेकोर पाळला: ओझ्याखाली वाकणाऱ्या मुख्य पाइपेच्या खालच्या अंगावर आडवा वेल्ड मारायचा नाही. खालचं अंग ताणाखाली असतं. तिथे आडवी रेघ ओढली की तडा नेमका तिथून सुरू होतो. आडव्या पाइपा आणि ब्रॅकेट मुख्य पाइपेच्या बाजूच्या अंगाला जोडल्या, आणि वेल्ड शक्य तिथे पाइपेच्या लांबीच्या दिशेनेच नेले.

पाइपांची उघडी तोंडं टोप्या लावून बंद केली. पाइपेच्या आतल्या गंजाबद्दल माझं मत ठाम आहे. एक तर पाइप पूर्ण हवाबंद करा, नाहीतर खाली पाणी निघायला मोकळी भोकं ठेवा. अर्धवट बंद पाइप सगळ्यात वाईट, पाणी आत जातं आणि तिथेच राहतं. मी हवाबंद केली आहे, त्यामुळे वायर पाइपेतून नेणार नाही, आणि बोल्ट जिथे आरपार जातो तिथे आधी नळीचा तुकडा घालून दोन्ही तोंडांना वेल्ड केलाय. बोल्ट आवळताना पाइप चेपतही नाही. टोपीचा शेवटचा सेंटिमीटर बंद करताना आतली तापलेली हवा वितळलेलं लोखंड बाहेर फुंकते. त्यासाठी प्रत्येक पाइपेला एक बारीक भोक ठेवलं होतं, ते सगळं थंड झाल्यावर एका टिपक्यात बंद केलं.

कोणाला रंगाऐवजी वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्वनाइज करायचं असेल तर हे बिलकूल करू नये. जस्ताची टाकी ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, हवाबंद पाइप तिच्यात फुटू शकते. तिथे हवा आणि जस्त यांना ये-जा करायला मोठी भोकं लागतात. गॅल्वनाइझिंगने पाइप आतूनही झाकली जाते, ते रंगापेक्षा टिकाऊ आहे यात वाद नाही. मी रंग निवडला कारण मला पुढेमागे या चौकटीवर आणखी काही वेल्ड करायचं आहे, आणि जस्ताचा थर जाळून त्याचा धूर छातीत घेण्याची माझी तयारी नाही.

२६ ऑक्टोबर

दांडा. दोन पाइपा हौद्याच्या खालून निघून पुढे कपलरपाशी मिळतात, इंग्रजी ए अक्षराच्या आकारात. हौद्यापासून कपलरपर्यंत १२०० मिलिमीटर. आखूड दांड्याचा ट्रेलर मागे घेताना झटकन वळतो आणि कोपरा गाडीला लागतो. लांब दांडा रिव्हर्सला शांत असतो. कपलर ५० मिलिमीटरच्या बॉलचा, तो वेल्ड न करता बोल्टने बसवला. झिजणारी वस्तू आहे, बदलता आली पाहिजे. साखळ्यांसाठी दोन कड्या, दांड्याच्या दोन्ही बाजूंना.

२ नोव्हेंबर

ॲक्सल आणि पाटे. पाट्याचं पुढचं टोक ब्रॅकेटमध्ये पक्कं, मागचं शॅकलवर, म्हणजे झुलत्या कडीवर. ओझं आलं की पाटा सपाट होतो, सपाट झाला की लांबतो, आणि ती लांबी शॅकल झुलून पोटात घेतो. दोन्ही टोकं पक्की केली असती तर पाटा वाकला नसता, ब्रॅकेट तुटलं असतं.

ॲक्सल सरळ बसलाय की नाही हे चौकटीवरून मोजू नये. कपलरच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत टेप लावावा. ही दोन अंतरं सारखी, तर ट्रेलर गाडीच्या मागोमाग चालतो. नाहीतर तो तिरका चालतो आणि टायर एका कडेने खातो. चार मिलिमीटरचा फरक होता, ब्रॅकेट अजून टाक्यांवरच होते, डावं थोडं पुढे घेतल्यावर एकावर आला. मग पूर्ण वेल्ड केला.

१० नोव्हेंबर

रंगाआधीची पूर्ण जोडणी. मडगार्ड, कठडे, मागचा फाळका, दिव्यांच्या पट्ट्या, टेकूचं चाक, वायरच्या क्लिपांची भोकंसुद्धा, सगळं एकदा जोडून पाहिलं. फाळक्याची बिजागरी खाली पाडली की दिव्याला लागत होती, दिवे आत सरकवले. आता सगळं पुन्हा सुटं. रंगानंतर ड्रिल हातात घ्यायचीच नाही, कारण रंगावर पाडलेल्या भोकाची कड उघडं लोखंड असते.

१५ नोव्हेंबर

साफसफाई. संपूर्ण प्रकल्पात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा दिवस हाच.

क्रम असा: आधी तेल, मग घासणं. उलट केलं तर चकती तेलच लोखंडावर पसरवते आणि ओरखड्यांत दाबून बसवते. द्रावकात भिजवलेल्या फडक्याने पुसायचं आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत.

नव्या लोखंडावर निळसर-काळी, गुळगुळीत साय असते, मिल स्केल. दिसायला ती रंगासाठी तयार पृष्ठभागासारखी दिसते आणि म्हणूनच फसवते. ती लोखंडाला कायमची धरून राहत नाही. ऊन-थंडीने, धक्क्यांनी तिला तडे जातात, तड्यातून पाणी आत शिरतं, आणि स्केल खपली होऊन सुटते ती वरच्या रंगाला सोबत घेऊनच. वर आणखी एक गोष्ट: स्केल आणि लोखंड ओले झाले की त्यांची विद्युत जोडी बनते आणि तड्यातलं उघडं लोखंड जास्त जोरात गंजतं. नुसता वायर ब्रश स्केलला चकाकी आणतो, काढत नाही. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (घासकागदाच्या पाकळ्यांची चकती) लावली तेव्हा खालचं करडं, खरखरीत लोखंड दिसायला लागलं. वाळूच्या माऱ्याने हे काम जास्त चांगलं होतं. ज्यांना ती सोय आहे त्यांनी नक्की करावं.

वेल्डवरचा स्लॅग, म्हणजे वर जमलेलं कडक कवच, चिपिंग हातोडीने, आजूबाजूला चिकटलेले बारीक गोळे छिन्नीने. आणि सगळ्या कडा पुन्हा एकदा, बोट फिरवून. ओला रंग तीक्ष्ण धारेवरून आपोआप दोन्ही बाजूंना ओढला जातो, धारेवर नावापुरताच उरतो. कुठलाही जुना ट्रेलर किंवा गेट बघा, गंजाची पहिली लाल रेघ कडेवर असते. दोन मिलिमीटरची गोलाई दिली की रंग तिथे टिकतो.

२२ नोव्हेंबर

आज रंग नाही. हवा २५ अंश, आर्द्रता ८० टक्के. म्हणजे दवबिंदू २१ च्या जवळ. सावलीतल्या पाइपेला थर्मामीटर लावला तर २३. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश गरम हवा, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो. साफ केलेलं लोखंड झाकून ठेवलंय. उद्या उघडताना लालसर छटा दिसली तर पुन्हा हलका हात फिरवायचा.

२३ नोव्हेंबर

आज कोरडी हवा, दुपारपर्यंत पाइपा चांगल्या तापल्या. दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, झिंक फॉस्फेटचा. हार्डनर मिसळल्यावर डब्यावर लिहिलेल्या वेळेतच संपवायचा असतो, म्हणून थोडा थोडा कालवला.

पहिला हात फक्त ब्रशने आणि फक्त अवघड जागांवर: वेल्डच्या रेघा, कडा, भोकांच्या आतल्या बाजू, ब्रॅकेटच्या पाठी. वेल्डच्या खडबडीत अंगात ब्रश टोचून टोचून रंग भरावा लागतो, नुसता ओढला तर खळग्यांवर पूल बांधतो आणि खाली हवा राहते. मग रोलरने सगळीकडे. ओल्या थराची जाडी कंगव्याच्या मापाने पाहिली, १५० मायक्रॉन. या प्रायमरमध्ये आकारमानाने निम्मा भाग घन आहे, म्हणजे सुकल्यावर ७५ उरतील. असे दोन हात, दुसरा डब्यावरच्या मुदतीत.

काही जागा पट्टी लावून कोऱ्या ठेवल्या: दिव्यांचे अर्थ पॉइंट (विजेच्या परतीच्या वायरची जागा), बोल्टचे आटे, हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाचा, चाक टेकतं तो चेहरा. शेवटचं लोकांना पटत नाही, पण चाक आणि हब यांच्यामध्ये रंगाचा जाड थर असला तर तो दाबाखाली हळूहळू चेपतो आणि घट्ट आवळलेले नट सैल पडतात. पाट्यांच्या पानांमध्येही रंग नाही, ती एकमेकांवर सरकली पाहिजेत.

३० नोव्हेंबर

वरचा रंग. इपॉक्सी उन्हात पावडर सोडतो, त्याला झाकण हवंच. दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग जास्त कडक आणि चमकदार असतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फवारायचं तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. मी साधा इनॅमल घेतला, ब्रश आणि लहान रोलर. माल चढवता-उतरवता ट्रेलर खरचटणारच, तेव्हा त्याच डब्यातून ब्रश मारला की झालं. प्रायमरची मुदत उलटून गेली होती, म्हणून आधी २२० च्या कागदाने सगळीकडची चकाकी मोडली.

रंग फिका राखाडी, खालच्या बाजूलाही. काळा रंग मळ लपवतो तसा गंजही लपवतो, आणि वेल्डमधला तडाही. फिक्या रंगावर तड्यातून आलेलं गंजाचं बारीक पाणी तपकिरी ओघळ बनून दुरून दिसतं. खालून वाकून बघताना मला तेच हवंय.

७ डिसेंबर

रंग नखाने दबेनासा झाल्यावरच जोडणी सुरू केली. बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन दाबत दाबत भरलं, रोलरांच्या दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. हब चढवला, नट आवळत असताना हब हाताने फिरवत राहिलो, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल केला आणि पुन्हा फक्त बोटांनी घट्ट. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा मागे घ्यायचा, पुढे नाही. घट्ट बेअरिंग तापून जळतं. चाक लावून वर-खाली हलवलं, जाणवेल न जाणवेल एवढी हालचाल. बरोबर आहे.

१४ डिसेंबर

प्लाय १८ मिलिमीटरचा, सहाही बाजूंना रंग, कडांना तीन हात, कारण प्लाय पाणी कडेनेच पितो. वायरिंगमध्ये एकच गोष्ट लिहिण्यासारखी: प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थची वायर ओढली. अर्थ बॉल आणि कपलरमधून मिळेल या भरवशावर राहिलं की ग्रीस आणि गंज मध्ये येतात, आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो. कोऱ्या ठेवलेल्या अर्थ पॉइंटवर नट आवळून वरून व्हॅसलीन.

२१ डिसेंबर

वजन. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना दगड, कपलर गाडीच्या बॉलच्या उंचीवर टेकूवर आणि टेकूखाली वजनकाटा. रिकामा असताना ३८ किलो. वाळूची पोती हौद्यात सारखी पसरून भरली तर ७४. गाडीच्या ८० च्या आत. मग मुद्दाम चार पोती मागच्या फाळक्याशी नेली आणि काटा बघितला. आकडा इतका घसरला की माल कसा भरायचा याची रेघ हौद्याच्या आतल्या बाजूला रंगवून टाकली. त्या रेघेमागे जड वस्तू जाणार नाही.

साखळ्या दांड्याखाली एकमेकींना ओलांडून लावल्या. कपलर सुटलाच तर दांडा त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

पहिली फेरी कमी वेगाने, निम्म्या ओझ्याने. थांबून दोन्ही हबना हात लावला, कोमट आणि सारखे. चाकांचे नट टॉर्क पान्ह्याने पुन्हा पाहिले, उजवीकडचे दोन थोडे फिरले.

४ जानेवारी

पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळले. पाटे ओझ्याखाली बसले की ते सैल पडतात, पहिल्या काही फेऱ्यांत हे होणारच. वेल्ड खालून टॉर्चने पाहिले, ओघळ कुठेही नाही. मडगार्डच्या आत आणि दांड्याच्या पुढच्या अंगावर मात्र खडी उडून रंगाचे टवके गेलेत, दोन ठिकाणी प्रायमरपर्यंत. ते घासून इनॅमल मारला. पुढच्या आठवड्यात मडगार्डच्या आत रबरी लेप आणि गाडीच्या मागच्या चाकांना लांब पडदे लावायचे आहेत, बेअरिंगचा सैलपणाही तेव्हाच पुन्हा तपासायचा.